हातातली, संपलेली आणि अजून न आलेली : कुमार कादंबरी आणि वऱ्हाड

(भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात सुटलेलं दोन-चार ठिकाणी जोडलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय वरवर पाहता यादीचा आहे. सध्या काय वाचतोय, नुकतंच काय संपवलं, आणि कोणत्या पुस्तकाची वाट पाहतोय. अट एकच, पुस्तक बारा ते सतरा या वयाच्या वाचकाचं हवं. इंग्रजीत याला ‘यंग अडल्ट’ म्हणतात. आपल्याकडे ‘कुमार’ किंवा ‘किशोर’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा ‘बाल’ला हायफननं चिकटवून टाकतात. बाल-कुमार साहित्य. म्हणजे चिऊ-काऊ आणि पहिलं प्रेम एकाच कपाटात.

मी यादी करायला बसलो तेव्हा तीन रकान्यांतला तिसरा रिकामाच राहिला. तो का रिकामा, हे शोधता शोधता मागं जावं लागलं, थेट 1828 पर्यंत. म्हणून हा भाग इतिहासाचा.

1828 मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ आलं. मूळ फ्रेंच, लेखक अर्नो बेर्कँ. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक, आणि त्यातली गुणी मुलं पॅरिसकडची. 1861 मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी आणल्या, त्या बगदादच्या. त्याच साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, 1913 मध्ये नाथमाधवांची ‘वीरधवल’. या दोन्ही मोठ्यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, पण तलवारी, भुयारं, कपटी सरदार असं सगळं असल्यावर पोट्टे थोडेच सोडतात? माझा अंदाज असा, की मराठीत या वयाचा वाचक आधी तयार झाला आणि त्याच्यासाठीची कादंबरी नंतर आली. मधल्या काळात त्यानं मोठ्यांच्या ताटातलं उचललं. आजही तो तेच करतोय.

आता श्याम. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये लिहिली. 9 तारखेला सुरुवात, 13 तारखेला पहाटे शेवट. पाच दिवस. पुस्तकाबद्दल मी नवीन काही सांगणार नाही. मला रस आहे तो त्याच्या पुढच्या भागांत. गुरुजींनी श्यामला पुढं वाढवलं. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ अशी पुस्तकं आहेत. त्यात तो शिकायला घराबाहेर पडतो, औंधला जातो, हातानं स्वयंपाक करतो, अर्धपोटी राहतो, मित्र जोडतो, लाजतो, अपमान गिळतो. किशोरवयीन कादंबरीला जे लागतं ते सगळं यात आहे. पण महाराष्ट्रानं काय लक्षात ठेवलं? आईच्या पदराजवळचा लहान श्याम. 1953 मध्ये अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि श्यामचं वय कायमचं ठरून गेलं. घराबाहेर पडलेला श्याम कपाटात मागच्या रांगेत गेला. मला हे फार बोलकं वाटतं. आपल्याला मूल आवडतं, तरुणही चालतो. मधला, आवाज फुटलेला, घरच्यांशी नीट न बोलणारा जो असतो ना, त्याचं काय करावं ते आपल्याला कळत नाही.

त्या मधल्याला पहिल्यांदा सायकल कोणी दिली असेल तर भा. रा. भागवतांनी. जन्म 1910, इंदूरचा. 1951 मध्ये त्यांनी मुलांसाठी मासिक काढलं, नाव ‘बालमित्र’. छत्र्यांच्या पुस्तकाचंच नाव, सव्वाशे वर्षांनी. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि नंतर स्वतःचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. मूळ फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवन शाळेत. किडकिडा, सायकलवर सुसाट, जिभेनं ‘ट्टॉक’ वाजवणारा. तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, चक्रीवादळात सापडतो. कोणी उपदेश करायच्या आत तो पुढच्या पानावर गेलेला असतो, हे मला त्याच्यातलं सगळ्यात आवडतं. 1987 मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, 2017 च्या चित्रपटात अमेय वाघ. त्या चित्रपटात फेणे मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेतल्याच घोटाळ्यात शिरतो. हा बदल पटकथाकारांनी विचार करूनच केला असणार. आज सतरा वर्षांच्या पोराचं साहस दुसरं कुठं घडणार?

पण फेणेची माझ्या हाती लागलेली जेवढी पुस्तकं मी वाचली, त्यांत तो मूर्तिजापूर स्टेशनवर उतरलेला काही मला भेटला नाही. भागवतांवर हा आरोप नाही. लेखक आपल्या ओळखीच्या रस्त्यांवरूनच सायकल चालवतो. प्रश्न इतकाच, की आमच्या रस्त्यांवरून चालवणारा कोण?

इथं थोडं जगाकडे बघू. अमेरिकेत या वयाच्या कादंबरीचा इतिहास सांगताना 1967 साल हमखास येतं. त्या वर्षी एस. ई. हिंटन हिची ‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध झाली. लिहायला घेतली तेव्हा ती शाळेत होती, वय पंधरा-सोळा. गाव टल्सा, राज्य ओक्लाहोमा. न्यूयॉर्क नाही, बोस्टन नाही. म्हणजे आपल्या हिशेबात मुंबई-पुणं नाही, अकोला. तिला तिच्या शाळेतली गरीब-श्रीमंत पोरांची भांडणं कोणत्याच पुस्तकात सापडत नव्हती, म्हणून तिनं ती लिहिली. एका पोरीनं आपल्या गावातल्या पोरांविषयी लिहिलं आणि पुढं या प्रकाराला बाजारात स्वतःचं कपाट मिळालं. त्यामागं शालेय ग्रंथालयं होती, शिक्षक होते, स्वस्त कागदी बांधणीची पुस्तकं होती, हेही खरं. पण सुरुवातीला टल्साची एक मुलगी होती.

आता दुसरा रकाना, नुकतंच संपवलेलं. त्यात मी दोन जुनी पुस्तकं पुन्हा वाचली. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 ची. नववीचं वर्ष, आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. ही मोठ्यांची कादंबरी म्हणून आली आणि शाळकरी पोरांनी ती पळवली. पुन्हा तेच, मोठ्यांचं ताट. दुसरं प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’, 1994 चं. लंपन. बेळगावकडचा मुलगा, आजी-आजोबांकडे राहणारा, शेजारची सुमी. लंपन ज्या मराठीत बोलतो तिला कानडीचा वारा लागलेला आहे, वाक्यांची ठेवण सीमाभागातली आहे. तरी पुण्या-मुंबईच्या वाचकानं कधी तक्रार केली नाही की बाबा, ही भाषा आम्हाला कळत नाही. उलट त्या भाषेसाठीच लोक लंपनवर जीव टाकतात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘वऱ्हाडीत लिहिलं तर बाकीच्या महाराष्ट्राला कळणार नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं की फक्त लंपनचं नाव घेतो आणि गप्प बसतो.

अलीकडच्या पुस्तकांचं चित्र अगदीच वाईट नाही. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते. मराठीत त्यात कादंबऱ्या बऱ्याच आहेत. 2017 ला ल. म. कडूंची ‘खारीच्या वाटा’, 2019 ला सलीम मुल्लांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, 2021 ला संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’, 2022 ला संगीता बर्वेंची ‘पियूची वही’, 2024 ला भारत सासणेंची ‘समशेर आणि भूतबंगला’. यातलं सासणेंचं नाव मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्यांच्या कथेतला इतका मुरलेला लेखक, उदगीरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, आणि तो पोरांसाठी भूतबंगला लिहितो. मोठ्या लेखकानं या वयाकडे खाली वाकून नाही, समोरासमोर बघितलं की पोरांना ते बरोबर कळतं. पण या यादीतलीही बरीचशी पुस्तकं दहा-बारा वर्षांच्या वाचकाशी बोलतात. नववीच्या पुढं गेलेल्या वाचकाला आपण अजूनही थेट ‘कोसला’च्या दारात नेऊन सोडतो. जा बाबा, वाच. ‘किशोर’ मासिक बालभारतीनं नोव्हेंबर 1971 पासून चालवलंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, खजिनाच आहे तो. पण शाळेच्या दप्तराबरोबर तेही सुटतं.

मग ही पोरं वाचतात काय? माझी भाची अकोल्यात नववीला आहे. तिनं ‘द हंगर गेम्स’ची मालिका इंग्रजीतून संपवली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक राजधानी, तिच्या ताब्यात बारा जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यानं एकेक माल पिकवून किंवा बनवून राजधानीला द्यायचा. अकरावा जिल्हा शेतीचा. तिथली माणसं सगळ्या देशाचं धान्य-फळं पिकवतात आणि स्वतः अर्धपोटी राहतात, तोडणीच्या वेळी फळ तोंडात टाकलं तर फटके. फोनवर ती मला म्हणाली, “मामा, डिस्ट्रिक्ट इलेव्हन म्हणजे आपलंच हाय ना?”

मी थोडा वेळ काही बोललोच नाही. कापसाचा भाव, कर्ज, आत्महत्या हे शब्द तिच्या वयाची वऱ्हाडी मुलं टीव्हीवरून आणि शेजारच्या घरांतून ऐकतच मोठी होतात. त्या सगळ्याला नाव द्यायला तिला सापडलं ते एका अमेरिकन लेखिकेनं कल्पिलेल्या देशातलं. सुझान कॉलिन्सनं काम चोख केलंय, प्रश्नच नाही. पण विचार करा, आपला जिल्हा ओळखायला पोरीला परक्या भाषेतल्या अकराव्या जिल्ह्यात जावं लागलं. आणि अजून एक गोष्ट. ती माझ्याशी ‘हाय ना’ म्हणते, पण शाळेत तोंडातून ‘मले’, ‘तुले’ निघालं की वर्ग हसतो, म्हणून तिथं ती इंग्रजीच बोलते. प्रमाण मराठीतही नाही. वऱ्हाडी लपवायला इंग्रजी सगळ्यात सोयीची पडते.

यातला विनोद असा, की मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आमच्याच जिल्ह्यातला. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तिथं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, बोलत्या माणसांचं, छोट्या छोट्या प्रसंगांचं गद्य. आता तिथंच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. विद्यापीठ हवंच. त्या विद्यापीठाच्या पंचक्रोशीतल्या पोरीला आपल्या बोलीत बोलणारी नायिका कुठं भेटते, हाही भाषेचाच प्रश्न आहे.

तर पहिला रकाना, सध्या हातात काय आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’. 1960 ची. ही कुमार कादंबरी नाही, कोणत्याच अर्थानं नाही. कौतिक नावाच्या बाईचा संसार, शिंपीकाम करणारा पण कशातच जम न बसलेला नवरा महादेव, दारिद्र्य, पुढं त्याला जडलेला महारोग, आणि या सगळ्यातून पोरांना वर काढायची तिची चिवट धडपड. संवाद अस्सल वऱ्हाडी. मी ही आधी कॉलेजात वाचली होती, तेव्हा कौतिकची कादंबरी म्हणून वाचली. आता भाचीसाठी वाचतोय तर मला त्यात पोरं दिसतायत. घरात काय चाललंय ते सगळं कळणारी, पण ज्यांना कोणी काही विचारत नाही अशी पोरं. शाळा आणि पोट यांच्यात ओढली जाणारी. ही कादंबरी कौतिकऐवजी तिच्या पोराच्या नजरेतून सांगितली असती, तर हिंटनच्या सात वर्षं आधी वऱ्हाडानं जगाला किशोर कादंबरी दिली असती. हे जर-तरचं बोलणं आहे, मान्य. पण कच्चा माल घरात होता एवढं त्यातून नक्की दिसतं. कच्चा माल इथला आणि सूत दुसरीकडे, ही वऱ्हाडाची जुनीच गोष्ट.

दुसरं नाव तर याहून जवळचं. गो. नी. दांडेकर. आपण त्यांना तळेगावचे, मावळातले, गडकोटांचे म्हणून ओळखतो. जन्म परतवाड्याचा, 8 जुलै 1916. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीनं पोरगं घरातून निघून गेलं. शिक्षण सातवीपर्यंत. पुढं भटकंती, गाडगे महाराजांच्या सहवासात राहणं, नर्मदा परिक्रमा. गाडगेबाबासुद्धा आमच्याच शेंडगावचे, आणि त्यांनीही 1905 मध्ये घर सोडलेलं. दिवसा हातात खराटा आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन, तेही समोरच्याला प्रश्न विचारून विचारून. त्यांच्या मागं फिरणारं एक घरातून पळालेलं पोर. सांगा, यापेक्षा चांगली जोडी कोणत्या साहसकथेत आहे?

गोनीदांनी ते सगळं ‘स्मरणगाथा’त लिहिलं, त्याला 1976 चं साहित्य अकादमी मिळालं. आणि 1981 च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं अकोल्याला, अध्यक्ष गो. नी. दांडेकर. परतवाड्याहून पळालेलं पोर पन्नासेक वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यात साहित्याचं अध्यक्ष म्हणून परत आलं. मला ‘स्मरणगाथा’ची पहिली शंभरेक पानं वेगळी काढून, चांगल्या टायपात, थोड्या चित्रांसह आठवी-नववीच्या पोरांच्या हातात द्यावीशी वाटतात. जाडी बघूनच ती पोरं पुस्तक खाली ठेवतात. इंग्रजीत मोठ्यांच्या पुस्तकांच्या अशा ‘यंग रीडर्स’ आवृत्त्या सर्रास निघतात. आपल्याकडेही काढता येतील, त्याला नवा लेखक लागत नाही, एक जाणकार संपादक पुरे.

राहिला तिसरा रकाना. आतुरतेनं वाट पाहायला लावणारी पुस्तकं. भाचीचा हा रकाना भरलेला असतो. इंग्रजी लेखक तारीख जाहीर करतात, मुखपृष्ठ आधी दाखवतात, पोरं महिनोन्महिने दिवस मोजतात. आमच्या धंद्यात रिलीजच्या आधी असंच वातावरण असतं, फक्त आम्ही उत्सुक नसतो, घाबरलेले असतो. मराठीत या वयासाठी अमुक कादंबरी अमुक महिन्यात येतेय म्हणून कोणी दिवस मोजताना मी पाहिलेलं नाही. म्हणून माझ्या रकान्यात मी न लिहिल्या गेलेल्या दोन कादंबऱ्या टाकल्यात.

पहिली अकोल्यातली. अकोला आता नीट-जेईईच्या क्लासेसचं शहर झालंय. आजूबाजूच्या तालुक्यांतून पंधरा-सोळाची पोरं-पोरी येतात, खोली करून राहतात, डबा लावतात, सकाळ-संध्याकाळ क्लास. बापानं शेताचा तुकडा विकलेला असतो किंवा विकायचा ठरवलेला असतो, आणि पोराला ते माहीत असतं. अशा खोलीत तीन पोट्टे. बस, एवढ्यावर कादंबरी उभी राहते. धडपडणाऱ्या श्यामचंच हे आजचं रूप आहे, फक्त याला घरी पत्र लिहायचं नसतं, टेस्टचे मार्क व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप घरी पोचतात.

दुसरी गाविलगडची. चिखलदऱ्याला सहलीला गेलेल्या प्रत्येक पोरानं हा किल्ला पाहिलाय, आणि बहुतेकांना तिथं काय घडलं ते माहीत नाही. 1803, दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ लढाई झाली, भोसल्यांची फौज मागं हटली, आणि 15 डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला. सेनापती आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. किल्ला लढवला बेनीसिंगानं आणि तो तिथंच पडला. या लढाईवर कादंबरी आहे बरं का, बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स फोर्ट्रेस’. तिचा नायक इंग्रज सैनिक आहे, तटावर चढतो, जगभर वाचला जातो. तटाच्या आतल्या बाजूची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

मला त्यातली एकच गोष्ट खुणावत राहते. किल्ल्याची उत्तरेची बाजू मारायला कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं जड तोफा मेळघाटाच्या डोंगरांतून फिरवून वर नेल्या. त्यासाठी दिवसचे दिवस खपून रस्ता पाडावा लागला. ते जंगल कोरकूंचं. त्या जंगलात कोरकू घरातला कोणी तेरा वर्षांचा मुलगा असणारच, ज्याला ओढ्यांच्या सगळ्या वाटा पाठ आहेत. एका बाजूला गोरे शिपाई त्याला वाट विचारतायत, दुसऱ्या बाजूला गडावर ओळखीची माणसं आहेत, आणि तोफा ओढणारे बैल ज्यांचे नेलेत ती घरंही त्याच्या गावातलीच. तो कोणती वाट दाखवतो, इथून पहिलं प्रकरण सुरू व्हावं. त्यानं आईशी कोरकूत बोलावं आणि बाजारात वऱ्हाडीत.

कोणी लिहीत असेल तर कळवा. मुखपृष्ठ ठरलं नसलं तरी चालेल, मी आतापासूनच नाव नोंदवून ठेवतो. पुढच्या भागात शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूर ते अचलपूर. भेटू.